पुतळाबाईंची हवापेटी

माझी आत्या चित्रशाळेत बसायला जायची. बसणं हीच तिची नोकरी. लाकडी चौथऱ्यावर एक खुर्ची, खुर्चीत आत्या आणि समोर कोळशाच्या कांड्या घेतलेले वीस-पंचवीस विद्यार्थी. पाऊण तास बसायचं, दहा मिनिटं उठायचं, पुन्हा पाऊण तास. पापणी हलली तर चालायचं, मान हलता कामा नये. बाकीची माणसं या कामाला महिनाभरात कंटाळायची. कुणाच्या पायाला मुंग्या यायच्या, कुणी सरळ घोरायलाच लागायचं. आत्या एकोणीस वर्षं टिकली. विद्यार्थी तिला 'पुतळाबाई' म्हणायचे, तेही तोंडावर, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

ही विद्या तिला लहानपणी सक्तीने शिकावी लागली होती. सातव्या वर्षी तिच्या खुब्याच्या हाडाला रोग लागला आणि डॉक्टरांनी तिला कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये घातलं. अकरा महिने. हललं की दुखायचं, म्हणून ती हलायचीच नाही. प्लास्टर निघालं तेव्हा डावा पाय दोन बोटं आखूड राहिला होता. पुढे लग्नाची बोलणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा तिच्या चालीपाशी येऊन अडली. तिसऱ्या वेळी तिनेच आजोबांना सांगितलं, "आता पुरे झालं. मी काय सायकल आहे, चालवून बघायला?"

माझे वडील तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. चित्रशाळेच्या मागच्या गल्लीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बहीण जितकी स्थिर तितकाच भाऊ अस्थिर. बोलताना त्यांचे गुडघे हलायचे, विचार करताना बोटं टेबलावर ताल धरायची, आणि पडून झोपले तरी पायाचा अंगठा जागाच असायचा. आत्या त्यांना 'भिंगऱ्या' म्हणायची. पुढे सगळी गल्लीच म्हणायला लागली, गिऱ्हाइकंसुद्धा.

तर या भिंगऱ्याने एकदा एका जुन्या परदेशी मासिकात एका वाद्याचा नकाशा पाहिला. थेरेमिन असं त्याचं नाव छापलं होतं. त्याला ना तारा, ना पट्ट्या, ना फुंकायची नळी. पेटीच्या उजव्या अंगाला एक उभी पितळी दांडी आणि डाव्या अंगाला एक आडवं कडं. वाजवणाऱ्याने कशालाच हात लावायचा नाही. उजवा हात हवेत दांडीजवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डावा हात कड्यावर खाली आणला की आवाज बारीक होत होत मिटतो, वर उचलला की मोठा होतो. पोटात मोडक्या रेडिओतले व्हॉल्व्हच असतात, बल्बसारखे तापणारे काचेचे. त्यातून दोन लहरी निघतात, इतक्या जलद की माणसाच्या कानाला त्या ऐकूच येत नाहीत. ऐकू येतो तो त्या दोघींमधला फरक. माणूस दांडीजवळ आला की एका लहरीच्या कंपनांचा वेग बदलतो, आणि फरक बदलला की सूर बदलतो. वडील हे सांगायला लागले की उभे राहून सांगायचे, कारण बसून त्यांना जमायचं नाही.

तीन महिने खपून त्यांनी पेटी केली. ती वाजलीही. पण वडिलांच्या हातून जे निघायचं त्याला वाजवणं म्हणणं कठीण होतं. त्यांचा गुडघा हलला की सूर हले, खांदा हलला की सूर हले. चहाची किटली आणि भांडणारी मांजरं एकाच खोलीत कोंडल्यासारखा तो प्रकार होता. शेजारच्या चष्मेवाल्याने दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी येऊन विचारलं, "भिंगऱ्या, कुणाला दवाखान्यात न्यायचंय का?"

त्याच दुपारी आत्या भावाचा जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली. पेटी चालूच होती. वडील मागे व्हॉल्व्ह शोधत होते. आत्या दारातून टेबलाकडे यायला लागली आणि पेटी बोलू लागली. आत्याचा धड पाय पडला की एक सूर, आखूड पाय पडला की शरीर कलून दुसराच सूर. वर, खाली. वर, खाली. तिचं लंगडणं, जे पाहून लोक निदान नजर तरी दुसरीकडे वळवायचे, ते त्या पेटीने जसंच्या तसं मोठ्याने म्हणून दाखवलं.

आत्या जागच्या जागी थांबली. सूरही थांबला, एका जागी, लांबच लांब.

वडील मागून हसतच बाहेर आले. "ताई, ऐकलंस? तुला ओळखलं तिने!"

आत्याने डबा जमिनीवर ठेवला, वळली आणि निघून गेली. जातानाही पेटी तिची पावलं मोजत राहिली. वडिलांना आपण काय बोलून गेलो ते उशिरा कळलं. त्यांनी धावत येऊन बटण बंद केलं, पण तोवर ती कोपऱ्यावर पोचली होती.

चार दिवस ती दुकानाकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी चित्रशाळा सुटल्यावर आली आणि म्हणाली, "खुर्ची दे."

"ताई, मी तेव्हा..."

"ते राहू दे. चालताना तो आवाज बदलत होता, पण मी थांबले तेव्हा सरळ राहिला. तुझ्या हातात तो एकदाही सरळ राहिलेला नाही. खुर्ची दे, आणि तू त्या भिंतीपाशी जाऊन उभा राहा. हलू नकोस."

"किती वेळ?"

"तुझ्या मानाने बराच."

वडील सांगायचे, त्या दिवशी तिने पाऊण तासात फक्त एक सूर काढला, पण तो रेघेसारखा सरळ होता.

पुढची दोन वर्षं ती रोज संध्याकाळी यायची. पेटीची तऱ्हा तिने माणसाची ओळख करून घ्यावी तशी समजून घेतली. व्हॉल्व्ह तापायला अर्धा तास लागतो, तोवर सूर खाली घसरत राहतो, त्याआधी वाजवायला जायचं नाही. हवा दमट असली की दांडीभोवतीची जागा आखडते. दांडीजवळ सूर एकमेकांना चिकटून असतात, लांब गेलं की ऐसपैस पसरतात. बोट कुठे ठेवायचं हे दाखवणारी हवेत एकही खूण नाही. म्हणून ती आधी सूर मनात म्हणायची, मग हात न्यायची. मूठ मिटलेली असताना एक सूर, करंगळी उघडली की पुढचा, तळवा पूर्ण उघडला की त्याच्याही पुढचा. दूरच्या सुरावर जाताना मध्ये डावा हात पटकन खाली, नाहीतर पेटी वाटेतले सगळे सूर खरवडत जाई. श्वाससुद्धा ती बेताने घ्यायची. जोरात श्वास घेतला की छाती फुगते आणि सूर चढतो. घरात त्या वाद्याचं नाव पडलं 'हवापेटी'.

रेडिओ केंद्रावर हवापेटी पोचली ती नाटक विभागाच्या साहेबांमुळे. ते आपला रेडिओ दुरुस्तीला घेऊन आले होते. त्यांनी पेटी ऐकली आणि त्यांचे डोळे चमकले. "बाई, आमच्याकडे दर शुक्रवारी एक भुताची मालिका असते. याल?"

आत्या गेली. दुपारपर्यंत चित्रशाळा, मग केंद्र. दीड वर्ष तिने हर प्रकारची भुतं वाजवली. विहिरीतलं भूत, जिन्यावरचं भूत, पश्चात्ताप झालेलं भूत. वादळ, ताप, स्वप्न आणि वेड लागलेली सून, हेही तिच्याकडेच. मालिका भलतीच गाजली. लोकांची पत्रं यायची की आमची मुलं एकटी न्हाणीघरात जायला तयार नाहीत.

"माझ्या वाट्याला एक जिवंत माणूस येऊ नये?" ती वडिलांना म्हणायची. तिला गाणं वाजवायचं होतं. पण वाद्यवृंदाचे प्रमुख होते व्हायोलिनमास्तर, पन्नाशीचे, नाकावर माशी बसू न देणारे. त्यांनी तिला एकदाच ऐकून घेतलं होतं आणि म्हणाले होते, "बाई, ज्याला हातही लावायचा नाही ते वाद्य कसलं?"

"मास्तर, गळ्याला कोण हात लावतं?" आत्या म्हणाली होती.

मास्तरांनी तरीही गाणं दिलं नाही.

मग तो रविवार आला. सकाळी मास्तरांनी रचलेली एक नवी चीज थेट प्रसारित व्हायची होती. तिच्यात मधे तीन मिनिटं एक स्त्रीस्वर होता, शब्दांवाचून, नुसता 'आ'कार. गायची ती बाई घसा सुजवून आली. तोंडातून फक्त हवा. प्रसारणाला पंचवीस मिनिटं उरली होती. मास्तर कपाळाला हात लावून बसले. शेजारच्या खोलीत शुक्रवारच्या भुताची तालीम चालली होती आणि हवापेटी तापून तयार होती. नाटकवाले साहेबच तिला बोलावून घेऊन आले, मागून वडील गरम पेटी उचलून.

मास्तरांनी कागद पुढे केला. "वाचता येतं?"

"नाही. एकदा वाजवून दाखवा."

त्यांनी व्हायोलिनवर वाजवून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं. "आणखी एकदा." मग तिने पेटीभोवती चारी बाजूंना दोन-दोन हात अंतरावर खडूने रेघ मारायला सांगितली. "या रेघेच्या आत कुणाचाही गज, कोपर किंवा मास्तर येता कामा नयेत."

वाद्यवृंद हसला. मास्तर हसले नाहीत, पण रेघेच्या बाहेर उभे राहिले, आणि वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे जन्मात पहिल्यांदा हात न उडवता त्यांनी ताल दिला. आत्याने ती तीन मिनिटं वाजवली. प्रसारणाचा लाल दिवा विझला तरी कुणी वाद्य खाली ठेवीना. मास्तर रेघेपर्यंत आले, तिथे थांबले आणि म्हणाले, "आत येऊ का?"

निवेदकाने छापील कागदावर होतं तेच वाचलं होतं, 'स्त्रीस्वरासह'. त्यामुळे ऐकणाऱ्यांना ती बाईच वाटली. आठवडाभरात चाळीसएक पत्रं आली. कोण गायली, कुठे शिकली, लग्न झालंय का. केंद्रावर सगळ्यांची करमणूक झाली. पण त्यातलं एक पत्र वाचून आत्याने ते पर्समध्ये टाकलं आणि कुणालाच दाखवलं नाही. संध्याकाळी दुकानात येऊन ते तिने वडिलांपुढे ठेवलं.

पत्र असं होतं: 'रविवारी सकाळी जी गायली ती माझी मुलगी आहे. मी आवाज ओळखला. तिला सांगावे, आई त्याच घरात राहते. मी उशांचे अभ्रे शिवते. डोळे बरे आहेत. मी रागावलेली नाही. कुलूप बदललेलं नाही.'

वडिलांचा गुडघा हलायचा थांबला. मग ते म्हणाले, "लिहून टाकू आपण. ते वाद्य होतं, कुणी बाई नव्हती. सभ्य भाषेत."

"पोस्टकार्डावर लिहून कुणाची लेक काढून घ्यायची?" आत्या म्हणाली. "जावं लागेल."

पुढच्या रविवारी दोघं भावंडं पेटी गोधडीत गुंडाळून बसने निघाली. गावाबाहेरच्या कापड गिरणीमागे एका ओळीत सारखी घरं होती. दार उघडणारी बाई साठीची, गळ्यात मोजायची फीत, ओठांत दोन टाचण्या. तिने आत्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे पाहिलं.

"ती मागून येतेय?"

आत्या सांगायची, येताना बसमध्ये तिने चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"आजी, ती नाही आली. तिथे कुणी गातच नव्हतं. तो सूर मी काढला होता. या पेटीतून."

आजींनी ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. "मी म्हातारी आहे, वेडी नाही. पेटी कशी असते ते मला माहीत आहे."

"मग ऐकूनच सांगा."

घरात विजेचा एकच प्लग होता, रेडिओचा. वडिलांनी रेडिओ काढून पेटी जोडली. मग तो अर्धा तास. व्हॉल्व्ह तापेपर्यंत तिघांनी करायचं काय? आजी मशीनपाशी पाठ करून बसल्या. खोलीभर पांढऱ्या अभ्र्यांच्या घड्या रचलेल्या, बसायला जागा जेमतेम. वडिलांना राहवेना, त्यांनी खिशातून पेचकस काढून आजींच्या रेडिओचं सैल बटण घट्ट करून टाकलं.

मग आत्याने वाजवायला घेतलं. रविवारची तीच तीन मिनिटं. पहिल्या ओळीला आजी वळल्या. दुसऱ्या ओळीला उठून उभ्या राहिल्या. आत्याचे ओठ बंद आहेत, हात हवेत आहेत आणि खोलीत कुणीतरी गातंय, हे त्या एकटक बघत होत्या. मग एकेक पाऊल टाकत त्या पुढे आल्या, हात पुढे करून. पेटीच्या अगदी जवळ आल्या तसा सूर एकदम वर सरकला. आजी दचकून मागे झाल्या.

"मी बिघडवलं?"

"नाही," आत्या म्हणाली. "तुम्ही जवळ आलात ते तिला कळलं."

आजींनी गळ्यातली फीत काढून तिची घडी घातली. "ती नाही ही," शेवटी त्या म्हणाल्या. "सूर सोडताना ती अशीच रेंगाळायची. पण ती नाही."

मग त्यांनी चहा टाकला आणि सांगितलं. मुलगी अठरा वर्षांची असताना एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर गायला निघाली. आजी दारात उभ्या राहून म्हणाल्या, उंबरा ओलांडलास तर परत येऊ नकोस. ती गेली. त्याला अकरा वर्षं झाली. पत्र नाही, निरोप नाही.

"एकच वाक्य बोलले मी," आजी म्हणाल्या. "त्याच्या आधी अठरा वर्षं किती बरं बरं बोलले असेन. त्यातलं एकही तिच्याबरोबर गेलं नाही. गेलं ते हे एकटंच."

परतताना बसमध्ये वडिलांनी विचारलं, "आता?" सोमवारी आत्या केंद्रप्रमुखांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. म्हणाली, ही चीज लोकांनी पुन्हा मागितली आहे, ती परत लावाल तेव्हा एक निरोप वाचा. केंद्रप्रमुख भले गृहस्थ होते, पण नियमावर बोट ठेवून चालणारे. खाजगी निरोप रेडिओवरून जात नाहीत, आज एक वाचला तर उद्या लोक हरवलेल्या छत्र्या घेऊन येतील.

"ठीक आहे," आत्या म्हणाली. "मग या शुक्रवारी भूत येणार नाही."

ती खरंच घरी बसली. नाटकवाल्या साहेबांची धावपळ उडाली. त्यांनी एका नटाला तोंडाने भूत करायला लावून पाहिलं, पण त्याला सर्दी झाली होती. बुधवारी व्हायोलिनमास्तर स्वतः प्रमुखांकडे गेले. म्हणाले, लोकांनी बाई समजून पत्रं लिहिलीत, तेव्हा खुलासा करणं केंद्राचं कर्तव्यच आहे, आणि खुलासा काही खाजगी निरोप नव्हे. प्रमुखांना ही वाट पसंत पडली. नियमही मोडला नाही आणि भूतही सुटलं नाही.

रविवारी आत्याने पुन्हा वाजवलं. मग निवेदकाने वाचलं: "आपण ऐकलात तो आवाज कोणा गायिकेचा नसून विजेवर चालणाऱ्या एका वाद्याचा आहे. तो ऐकून एका आईला आपली मुलगी आठवली. ती आई त्याच घरात राहते. तिने कुलूप बदललेलं नाही."

चार आठवडे काहीच झालं नाही. आत्या दर रविवारी दुपारी आजींकडे जायची, बहुतेक वेळा पेटी न घेताच. बसायची, अभ्र्यांना बटणं लावायची. आजी म्हणायच्या, "तुझ्याएवढी गप्प बसणारी बाई मी पाहिली नाही."

पाचव्या आठवड्यात आजींना पोस्टकार्ड आलं. तीन ओळी. 'गाणं सुटून सात वर्षं झाली. लाँड्रीत कामाला आहे. कुलूप तेच असेल तर किल्ली माझ्याकडे आहे.'

ती आली तेव्हा आत्या तिथे नव्हती, मुद्दामच गेली नव्हती. नंतर तिनेच आत्याला सगळं सांगितलं. आई घरात असूनही तिने दार वाजवलं नाही. किल्ली लावली आणि आत गेली. एकोणतिसाव्या वर्षीच तिचे हात इस्त्रीने राकट झाले होते आणि आवाज घोगरा. आजी रडल्या, ती रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्र्याला इस्त्री उलट्या बाजूने करायची की सुलट्या यावरून दोघींचं जोरदार भांडण झालं. तिने पिशवी उचलली, कोपऱ्यापर्यंत गेली, आणि दूध घेऊन परत आली. ती पुढे आमच्या घरी यायची. मी तिला मावशी म्हणायचे.

आत्याला त्यानंतर गाणीही वाजवायला मिळाली. सहाएक वर्षं मास्तर तिच्यासाठी काही ना काही लिहीत राहिले. मग केंद्रावर पट्ट्यांचं विजेचं वाद्य आलं. त्याची पट्टी दाबली की सूर जागच्या जागी, ना तापायची भानगड ना दमट हवेची. भूतसुद्धा त्याला येत होतं, एका बटणावर. आत्याला बोलावणं यायचं कमी झालं, मग थांबलं. वडील चिडले. आत्याने जाऊन ते नवं वाद्य पाहिलं, दोन-तीन पट्ट्या दाबल्या आणि म्हणाली, "छान आहे की. सोपं आहे. माझ्यासारख्या बायकांचे हात दुखायचे वाचतील."

हवापेटी दुकानात परत आली. आत्या दिवस मावळायच्या आत येऊन तासभर वाजवायची. गल्लीतली माणसं पायरीवर बसून ऐकायची. चष्मेवाला पहिला असायचा. पुढे तसले व्हॉल्व्ह मिळेनासे झाले. पेटी शेवटी एका तंत्रशाळेने मागून नेली आणि काचेच्या कपाटात ठेवली. वर पाटी लावली, 'हात लावू नये'. ती वाचून आत्या हसून हसून खाली बसली.

ती गेली त्याच्या आदल्या वर्षी मी तिला विचारलं होतं, "आत्या, एवढी वर्षं वाजवलंस. सगळ्यात चांगलं कधी वाजलं?" मला वाटलं होतं, ती त्या पहिल्या रविवारचं नाव घेईल, नाहीतर आजींच्या घरचं.

"आजींकडे दुसरी ओळ चढीच लागली होती," ती म्हणाली. "मास्तर असते तर ओरडले असते." मग थोडा विचार केला. "एका मंगळवारी. दुकानात कुणीच नव्हतं. तुझा बाप बँकेत गेला होता."